छान लिहिणाऱ्यास शिक्षा

आमच्या मंडळात 'छान' लिहायला बंदी आहे.

मंडळ म्हणजे फोनवरचं. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा एकमेकींवर बसवून लोक आपल्या मनातलं काहीबाही घडवतात, त्याचा फोटो टाकतात आणि बाकीचे त्यावर मत देतात. मंडळाचं नाव 'खटका', कारण वीट विटेवर नीट बसली की खट् असा बारीक आवाज येतो, आणि त्या आवाजापायी आम्ही सगळी घोडी झालेली माणसं पोराबाळांची खेळणी पळवून बसलो आहोत. विटेच्या डोक्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांना आम्ही टेंगळं म्हणतो. मंडळाचा प्रमुख स्वतःला मुकादम म्हणवतो. तो एरवी काय करतो कुणाला ठाऊक नाही, पण नियम त्याने घालून दिलेत आणि ते पाळावेच लागतात.

मत द्यायचं ते तीन ओळींत. पहिली ओळ 'बसलं', म्हणजे काय जमलंय. दुसरी 'नाही बसलं', म्हणजे काय फसलंय. तिसरी 'काढा', म्हणजे कोणती एक गोष्ट काढून टाकली तर बरं होईल. टाळ्या नाहीत, बदाम नाहीत, आणि 'छान' तर नाहीच नाही. मुकादमाचं म्हणणं असं, की 'छान' म्हणणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला आत न घेता गोड बोलून वाटेला लावणं. जो 'छान' लिहील त्याने स्वतःची सगळ्यात फसलेली वस्तू सगळ्यांपुढे मांडायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर तुटून पडायचं. ही शिक्षा. तिला माफी नाही. आणि विटांना डिंक लावणं हे महापाप. डिंक लावणाऱ्याला शिक्षाही नसते, त्याच्याशी नुसतं कुणी बोलत नाही.

मला तिथे सासूबाई म्हणतात.

हे नाव मी घेतलेलं नाही, ते मला चिकटलं. एका गृहस्थांनी जहाज टाकलं होतं, आणि खाली चार ओळींची प्रस्तावना, की हे करताना माझे डोळे भरून आले वगैरे. मी लिहिलं, "बसलं: शिडाचा रंग. नाही बसलं: जहाज. काढा: पाण्यातून." तेव्हा कुणीतरी खाली लिहिलं, "आल्या सासूबाई." झालं. तेव्हापासून माझं खरं नाव तिथे कुणी विचारलं नाही. मी स्वतः काय बनवते हेही कुणी विचारलं नाही. सासूला स्वयंपाक करून दाखवा असं कोण म्हणणार?

माझीही एक बाजू आहे. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप पाठवतात आणि मी माझ्या कामाच्या खोलीत बसून मेणाचे, प्लास्टरचे आणि शेवटी खरेखुरे खोटे दात तयार करते. कवळीच्या धंद्यात 'साधारण बरी आहे' असं काही नसतं. ती बसते नाहीतर टोचते. टोचली की माणूस जेवत नाही, जेवला नाही की चिडतो, आणि चिडला की डॉक्टर मला फोन करतो. दिवसभर असं काम करणाऱ्या बाईने वाकड्या जहाजाला सरळ म्हणावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

पण खरं कारण दुसरंच होतं. मंडळात मी जे भडाभडा बोलत होते ते घरी बोलायची सोय नव्हती.

आमच्या घरात 'छान'चं राज्य आहे. माझी सासू, म्हणजे आई, कारण मी त्यांना आईच म्हणते, कुठल्याही गोष्टीला छान म्हणतात. मी हौसेने बैठकीच्या खोलीला नवे पडदे लावले. "छान आहेत," आई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली खुर्ची पडद्यांकडे पाठ करून ठेवली. मी त्यांना शाल आणली. "छान आहे." ती अजून दुकानाच्या पिशवीत आहे, पावतीसकट. मी केस कापून आले तर म्हणाल्या, "छान. वाढतील." माझ्या मैत्रिणी म्हणतात, तू नशीबवान, तुझी सासू कधी वाकडा शब्द बोलत नाही. अगं, वाकडा नाही आणि सरळही नाही. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच म्हणतात. आमच्याकडे भांडी कापसात गुंडाळून ठेवलेली. आवाज येत नाही हे खरं, पण त्या भांड्यांत काही शिजतही नाही. या बाईला मी आवडते की नाही, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नव्हतं. आणि विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं.

मध्यंतरी आई पडल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी एक स्टूल असतं, माझ्या नवऱ्याला बूट घालायला बसायला लागतं ते. त्याला अडखळल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं आखडून बसली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मनगटाची काळजी नाही. यांचा अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट होत नाहीये. ती आत्ता झाली तर झाली. नंतर कितीही डोकं आपटलंत तरी व्हायची नाही. मग बटण, किल्ली, सुई, प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचा हात." आईंनी जन्मभर शिवणकाम केलंय. सुई धरता येत नसलेल्या आई म्हणजे काय, याचा विचारही मला करवेना.

बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. "छान आहे चेंडू," आई म्हणाल्या, आणि तो दुसऱ्या दिवशी मला सोफ्याच्या उशीमागे सापडला. मातीचा गोळा दिला, तोही छान होता, तो खिडकीत वाळून दगड झाला. मग बाईंनी कंटाळून विटांचा एक डबा दिला. म्हणाल्या, हे उचला, दाबा, काढा, परत बसवा. आणि आश्चर्य म्हणजे आईंनी त्याला छान म्हटलं नाही. काहीच म्हणाल्या नाहीत. नुसत्या बसवायला लागल्या.

हे सगळं मी कामाला गेल्यावर चालायचं, त्यामुळे मला निम्मंच ठाऊक होतं. उरलेलं निम्मं मला माझ्या मंडळातून कळलं.

दुपारी डबा खाताना मी फोन उघडला तर एका नव्या सदस्याची कलाकृती. सदस्याचं नाव 'एकहाती'. फोटोत लाल-पिवळ्या विटांचा एक ढीग, मिठाच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. खाली लिहिलं होतं, "कोंबडी. उजव्या हाताने केली आहे. चुका सांगाव्यात." मी सवयीने बोटं मोडून सज्ज झाले, आणि तेवढ्यात मला टेबलावरचं कापड दिसलं. निळी फुलं, आणि कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग. तो डाग मी पाडलेला आहे. "छान दिसतोय," असं आई तेव्हा म्हणाल्या होत्या.

माझा घास तोंडातच राहिला.

बाकीची मंडळी कामाला लागलीच होती. जहाजवाल्यांनी विचारलं होतं, "इस्त्री आहे का?" त्यावर एकहातीचं उत्तर, "इस्त्री नाही. पण इस्त्रीची आठवण येते हे बरोबर आहे, पाठ सपाट झाली." दुसऱ्या कुणी शेपटी काढा म्हटलं, तर, "शेपटीच तेवढी मनासारखी झाली आहे, ती काढणार नाही." मी वाचतच राहिले. माझ्या घरातली ही बाई मत मांडत होती. माणसांशी वाद घालत होती. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, "इथे कुणी सासूबाई आहेत, त्या खरं बोलतात असं कळलं. त्यांचं मत मिळेल का?"

आता घ्या. सासू सासूबाईंचं मत मागते आणि सासूबाई म्हणजे सून.

कोंबडीत काय चुकलंय हे मला फोटो बघताक्षणीच दिसलं होतं. डोक्याला पाच-सहा विटा चढवलेल्या, आणि पाय एक टेंगूळ जास्तच मागे. ती उभी राहणारच नव्हती, चोचीवर आपटणार होती, म्हणून तर मिठाच्या बाटलीचा आधार. मी लिहिलं, "नाही बसलं: पाय." मग मला सोफ्यामागचा चेंडू आठवला आणि मी ते पुसलं. लिहिलं, "नाही बसलं: तोल, थोडासा." पुसलं. आईंच्या बोटांना पहिल्यांदा काहीतरी आवडलंय आणि मी त्यावर नांगर फिरवू? उद्या हा डबा चेंडूच्या शेजारी जाऊन पडला तर? समोरच्या मेणाच्या जबड्याकडे मी बराच वेळ बघत बसले. त्याने काही मदत केली नाही. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं, "छान."

पाठवून होतंय न होतंय तोच मंडळात बोंब उठली. "सासूबाईंचा फोन चोरीला गेलाय." "सासूबाई, बऱ्या आहात ना? घरी कुणी आहे का?" जहाजवाल्यांनी लिहिलं, "माझ्या जहाजाला पाण्यातून काढलंत आणि या इस्त्रीला छान?" आणि मुकादमाचा एकच शब्द आला, "शिक्षा."

मला त्याचं काही वाटलं नाही. मी मनात म्हटलं, होऊ दे शिक्षा. संध्याकाळी आई खुशीत असतील.

संध्याकाळी विटांचा डबा बंद होता. नुसता बंद नाही, त्याला सुतळी बांधलेली. एका हाताने आणि दातांनी गाठ मारली की जशी दिसते तशी ती गाठ होती.

"आई, आज विटा नाही का?"

"पुरे झालं," आई म्हणाल्या. "देऊन टाक त्या बाईंना. चांगल्या आहेत, कुणाच्या तरी पोराला होतील."

मी नवऱ्याला कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर नेलं. माझा नवरा भांडणं टाळण्यात वाकबगार आहे. आमच्या घरात भांडणंच नसल्यामुळे त्याचं कसब वाया जातं, पण सराव तो सोडत नाही. आईंना मंडळात त्यानेच घातलं होतं आणि 'एकहाती' हे नावही त्याचंच. मी मंडळात आहे एवढं त्याला माहीत होतं, तिथलं माझं नाव माहीत नव्हतं. घरात खरी सासू बसलेली असताना बाहेर आपण सासूबाई म्हणवून घेतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"कुणीतरी सासूबाई म्हणून एक बया आहे तिथे," तो म्हणाला. "तिने आईच्या कोंबडीला छान म्हटलं."

"मग चांगलंच म्हटलं की."

"मला वाटलं तसंच. तू आईला विचार."

मी विचारलं. आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "अगं, ती बाई बाकीच्यांना धू धू धुते. मी सगळं मागचं वाचून काढलं. एकेकाचं जहाज काय, किल्ला काय, बुडवून टाकते. का? तर त्यांना काहीतरी येतं म्हणून. माझ्यावर तिने पाण्याचा थेंब वाया घालवला नाही. म्हणे छान." त्या माझ्याकडे वळल्या. "छान कधी म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे."

"कधी म्हणतात?" मी विचारलं.

आईंची नजर हळूच दारातून पलीकडच्या खोलीत गेली, पडद्यांवर थांबली आणि घाईने परत आली. "जेवायचं बघ," त्या म्हणाल्या. "भूक लागली असेल सगळ्यांना."

मला रडूही येत होतं आणि रागही येत होता, आणि पडद्यांचा राग त्यात सगळ्यात जास्त होता. इतकी वर्षं मी ज्या शब्दाखाली दबून राहिले, तोच शब्द मी या बाईच्या डोक्यात घातला होता. आणि लागला तर किती जोरात लागला. मी स्वतः जवळपास रोज तो खाऊन पचवत होते आणि मला वाटत होतं की तो मलाच टोचतो.

पुढचे काही दिवस डबा सुतळीतच राहिला. फिजिओवाल्या बाई येऊन आईंची बोटं ओढून गेल्या आणि जाताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. चहाचा कप आई डाव्या हाताने धरायला लागल्या होत्या, इतक्या सहजपणे, की जणू तो पहिल्यापासून त्यांचा कपाचा हात होता.

मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे माझ्या आईची सासू तू?" तो म्हणाला.

"हसू नकोस. काय करू ते सांग."

"आईला सांगून टाक."

"काय सांगू? की तुमची कोंबडी मला आवडली नाही म्हणून मी छान म्हटलं? तेच तर त्यांना वाटतंय."

"मग शिक्षा भोग," तो म्हणाला, आणि ओले मोजे पिळायला लागला. इतक्या वर्षांत त्याने दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला.

शिक्षा बाकीच होती. मुकादम रोज सकाळी एक वाक्य टाकत होता, "सासूबाईंची वाट पाहत आहोत." मी कामाच्या खोलीतलं खालचं कपाट उघडलं. तिथे, प्लास्टरच्या जुन्या जबड्यांच्या मागे, माझं एक स्वयंपाकघर आहे. आईंच्या पडण्याच्या बरंच आधी केलेलं, आमच्याच घरातलं, अगदी मापात. ओटा, नळ, खिडकी, वरची फळी, दाराशी स्टूल. केलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं आणि नंतर बघवेना, का ते कळत नव्हतं. शिवाय त्यात एक गोष्ट होती जी मी देवालाही सांगितली नसती. वरची फळी सारखी निखळत होती. मी तिला डिंक लावला होता. साधा नाही, कवळीत दात पक्के करायचा.

मी फोटो काढला. डिंकाचा पांढरा ठिपका लपेल असा कोन शोधायला लागले, मग स्वतःचीच लाज वाटली आणि समोरून काढला. टाकला. खाली लिहिलं, "माझी सगळ्यात फसलेली वस्तू. फळीला डिंक आहे."

मंडळात त्या दिवशी दिवाळखोराच्या लिलावाला यावी तशी गर्दी झाली. मी घरी पोचेपर्यंत फोन खिशात सारखा थरथरत होता. जहाजवाल्यांनी तर जन्माचं उट्टं काढलं. "बसलं: खिडकीतला उजेड, कारण तो खरा आहे. नाही बसलं: स्वयंपाकघर. काढा: सासूबाईंना." मी ते वाचून मुकाट्याने फोन पालथा घातला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलायला बसले.

टेबलाच्या पलीकडे आई बसल्या होत्या. नवऱ्याने त्यांच्यापुढे फोन नेऊन ठेवला आणि म्हणाला, "आई, ती तुझी सासूबाई बघ. सापडली तावडीत." आणि मग तो स्टुलावर जाऊन बसला, म्हणजे पळायची वेळ आली तर दार जवळ.

आईंनी चष्मा लावला. फोटो बघितला. मोठा करून बघितला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग मान वर करून आमच्या वरच्या फळीकडे बघितलं. तिथून नळाकडे. मी एका शेंगेतले दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत होते. मग आईंनी फोन टेबलावर आडवा ठेवला, डावा हात मांडीवर घेतला, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे काढून लिहायला सुरुवात केली. एकेक अक्षर. बोट चुकायचं, त्या पुसायच्या, परत. नवरा स्टुलावरून उठू की नको अशा बेतात होता. माझा पालथा फोन थरथरला तेव्हा मटार संपून गेले होते.

"बसलं: सगळं मापात आहे. नळाची मान वाकडी आहे तीसुद्धा.

नाही बसलं: इतकं मापात आहे की इथे कधी कुणी काही सांडलेलं दिसत नाही. फळीला डिंक लावला आहे. पडेल म्हणून घाबरून लावला. पडली असती तर परत बसवता आली असती.

काढा: दाराजवळचं स्टूल. ते माझ्या मुलाला बूट घालायला लागतं हे मान्य, पण माझा हात त्यानेच मोडला."

मी वर बघितलं. आई चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होत्या.

"सासूबाई," त्या म्हणाल्या.

"ओ," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलंच.

नवरा हळूच उठला, ढुंगणाखालचं स्टूल उचललं आणि ते घेऊन घराबाहेर गेला. तो तासभर परत आला नाही.

"कोंबडीत काय चुकलंय?" आईंनी विचारलं.

"पाय एक टेंगूळ मागे आहेत. डोकं जड झालंय. चोचीवर पडते."

"हे तेव्हाच दिसलं होतं तुला?"

"बघताक्षणी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलंच," आई म्हणाल्या. "आणि कोंबडी ती पडलेलीच राहिली."

आईंनी डबा पुढे ओढला, माझ्याकडे सरकवला. मी सुतळी सोडली. त्यांनी कोंबडी बाहेर काढली, उपडी केली आणि पाय सोडवायला लागल्या. वीट सुटेना. माझा हात आपोआप पुढे गेला तर म्हणाल्या, "थांब, मला करू दे." बराच वेळ लागला. मग पाय एक टेंगूळ पुढे सरकले आणि खट् झालं. कोंबडी टेबलावर उभी राहिली. मिठाची बाटली मी बाजूला केली, तरी उभी.

"आता पडद्यांचं बोला," मी म्हणाले. मलाच माहीत नाही माझ्यात एवढा धीर कुठून आला.

"राहू दे."

"नाही, तीन ओळींत सांगा. नियम आहे."

आईंनी जरा विचार केला. "बसलं: मापाला बरोबर आहेत. नाही बसलं: आजारी माणसाच्या जिभेसारखा रंग आहे. काढा: आजच्या आज."

"मला फार आवडतात ते."

"आवडू देत ना. तुझ्या खोलीत लाव."

मग माझाही तोल सुटला. मी शालीचं काढलं, की आवडली नव्हती तर बदलून आणली असती, पावती कशाला जपून ठेवलीत. त्या म्हणाल्या, लोकर चावते, आणि तू एवढ्या आनंदाने आणलीस तर काय तुझ्या तोंडावर फेकू? मी म्हणाले, फेकायची होती. तुम्ही रिकाम्या पिशव्यांमध्ये पिशव्या भरून ठेवता त्याचं मी कधी काही बोलले? त्या म्हणाल्या, बोलायचं होतंस, मला वाटलं तुला चालतंय. मी म्हणाले, मला नाही चालत. त्या म्हणाल्या, मला तुझे कापलेले केस चालत नाहीत. आमचे आवाज चांगलेच चढले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडल्याचा आवाज आला. त्यांना बिचाऱ्यांना आमच्याकडून असं कधी काही ऐकायला मिळालं नव्हतं. मला इतका संताप आला होता आणि त्याच वेळी इतकं मोकळं वाटत होतं, की मधेच हसू फुटेल अशी भीती वाटली. ही बाई माझ्याशी भांडत होती. नको असलेल्या सुनेशी कुणी एवढ्या मेहनतीने भांडत नाही.

"आणि अजून एक," आई म्हणाल्या.

"सांगा."

"हे सांगू नये असं मला फार वाटतं."

"आई, आता काही ठेवू नका."

त्यांनी तोंडात हात घातला आणि खालची कवळी काढली. ती मी केलेली होती. घरात कवळ्या करणारी सून असताना दुसऱ्याकडे कोण जाणार? मी तिच्यावर जेवढा जीव लावला होता तेवढा कुठल्याच गिऱ्हाइकाच्या कवळीवर लावला नव्हता. तोंडात घातल्या घातल्या आई काय म्हणाल्या होत्या ते सांगायची गरज नाही.

"नाही बशलं," आई बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "दावीकदे तोचतं. पहिल्यापाशून."

त्यांनी कवळी माझ्यापुढे धरली. माझं त्या कवळीकडे लक्षच गेलं नाही. ओली, गुळगुळीत, हातातून सटकणारी वस्तू ती, धडधाकट माणसाच्या हातून पडते. आईंनी ती उजव्या हातात धरली होती. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींची टोकं एकमेकांना भिडलेली, आणि हलत नव्हती. त्यांच्या ते गावीही नव्हतं. त्यांना फक्त माझ्या चेहऱ्याची काळजी लागली होती.

"लागलं का तुला?" त्या म्हणाल्या. "घे ना. किती वेल धलू?"

"धरा, आई," मी म्हणाले. "अजून थोडा वेळ धरा."